समृद्धीवरून उतरल्यावर पुढं काय? जोडरस्ता, आपली रोजीरोटी आणि आपलं कब्रस्तान

नागपूर-अमरावतीकडचं लग्न उरकून नगरला परतणारी कुटुंबं आता समृद्धी महामार्गानं येतात. कोपरगावपर्यंत मुलं मागच्या सीटवर गाढ झोपलेली असतात. शिर्डीच्या इंटरचेंजवर गाडी खाली उतरते, नगर-मनमाड रस्त्याला लागते आणि मुलं जागी होतात. कुणी विचारतं, "अब्बा, आलं का घर?" घर अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब असतं. नागपूरपासूनचे ५२० किलोमीटर जेवढं थकवत नाहीत, तेवढं हे शेवटचं अंतर थकवतं. हा अनुभव आमच्यापैकी अनेकांचा आहे, वाचकांपैकीही बहुतेकांचा असेल.

मोठा महामार्ग आपल्या जिल्ह्यात आला, त्याचे फोटो निघाले, भाषणं झाली. पण महामार्गावरून गावात आणि गावातून महामार्गावर नेणारा जो छोटा जोडरस्ता असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या रस्त्याला ना स्वतःचं नाव असतं, ना त्याचं थाटात उद्घाटन होतं. आमचं म्हणणं असं की मोठ्या रस्त्याचा फायदा कुणाला होणार आणि तोटा कुणाला सोसावा लागणार, हे या छोट्या रस्त्यावरच ठरतं. पुढच्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात असे आणखी जोडरस्ते आखले जाणार आहेत. म्हणून हा विषय आजच समजून घ्यायला हवा.

महामार्ग २९ किलोमीटर, जिल्हा १४ तालुक्यांचा

क्षेत्रफळानं अहिल्यानगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. तालुके चौदा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण त्यातला आपल्या जिल्ह्यातला तुकडा जेमतेम २९ किलोमीटरचा, तोही एकट्या कोपरगाव तालुक्यात. बाकीच्या तेरा तालुक्यांना समृद्धीचा फायदा घ्यायचा तर जोडरस्त्यानंच घ्यावा लागतो. राहाता, राहुरी, श्रीरामपूर आणि नगर शहरासाठी तो जोडरस्ता म्हणजे जुना नगर-मनमाड मार्ग.

हा मार्ग शिर्डी, राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी असं करत विळद घाटातून नगरला येतो. उत्तरेकडून दक्षिणेत जाणारे ट्रक याच रस्त्यानं जातात. शिर्डी आणि शनिशिंगणापूरचे भाविक याच रस्त्यानं जातात. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत याच रस्त्यानं कारखान्यावर जातात. कॉलेजची पोरं, दूधवाले, लोणीच्या दवाखान्यात निघालेल्या ॲम्ब्युलन्स, सगळे इथंच. या रस्त्याच्या कामाची कथा जिल्ह्यातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको. ठेकेदार बदलले, काम सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. आंदोलनं झाली, रास्ता रोको झाले. खड्डे मात्र दर पावसाळ्यात आपापल्या जागी हजर.

आता हिशेब मांडा. समृद्धीवर चारचाकी ताशी १२० किलोमीटरनं जाते. म्हणजे दोनशे किलोमीटर अंतरात फार तर तासभर वाचतो. तो वाचलेला तास राहुरी आणि कोल्हारच्या कोंडीत परत जात असेल, तर नगरच्या व्यापाऱ्याच्या पदरात नेमकं काय पडलं? टोल तर भरलेलाच आहे.

सहा महिन्यांचा धडा

जोडरस्त्याकडं दुर्लक्ष केलं की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यानं एकदा पाहिलंय. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा पुढचा टप्पा २६ मे २०२३ ला सुरू झाला. मधले साडेपाच महिने ५२० किलोमीटरचा सहापदरी रस्ता कोपरगाव तालुक्यात येऊन संपत होता.

संपत होता म्हणजे काय? विदर्भ-मराठवाड्याकडून येणारी, पुढं नाशिक-मुंबईला किंवा नगर-पुण्याला जाणारी सगळी वाहनं तिथं खाली उतरत होती आणि गावातल्या रस्त्यांवर पसरत होती. सहा पदरांचं पाणी दोन पदरांच्या पाटात सोडल्यासारखं झालं होतं. शेतकरी माणसाला हे लगेच कळतं. कालवा कितीही मोठा बांधा, चारी अरुंद असेल तर पाणी शेतात जात नाही, बांध फोडतं.

पुढं भरवीर ते इगतपुरी हा टप्पा मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. मुंबईकडं जाणारी वाहनं आता शिर्डीला न उतरता सरळ पुढं जातात. त्यामुळं जिल्ह्यातल्या रस्त्यांवरचा एक भार कमी झाला, पण नगर-पुणे-सोलापूरकडं वळणारी वाहनं आजही तिथंच उतरतात. मुंबईचा प्रश्न सुटला, नगरचा राहिला.

हा रस्ता कुणासाठी?

समृद्धीवर दुचाकी चालत नाही. रिक्षा चालत नाही. ट्रॅक्टर चालत नाही. इतक्या वेगाच्या रस्त्यावर मोटारसायकल आणि ट्रॅक्टर धोक्याचेच, त्यामुळं नियम योग्य आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. आपल्या बहुतेक घरांत वाहन म्हणजे एक दुचाकी. फार तर रिक्षा किंवा मालवाहू तीनचाकी, तीच रोजीरोटीची. अशा घराला समृद्धीवर पाऊल ठेवता येत नाही. कारनं नागपूर ते मुंबई पूर्ण जायचं तर एका बाजूचा टोल चौदाशे रुपयांच्या पुढं जातो.

म्हणजे मोठा रस्ता कारवाल्यांचा आणि कंटेनरवाल्यांचा. आपल्या वाट्याला येतो तो जोडरस्ता. आणि त्यावर महामार्गावरून उतरलेले कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या आणि दुचाकीवर बायको-मुलांना घेऊन निघालेला माणूस एकाच पट्ट्यात चालतात. सर्व्हिस रोड हा शब्द कागदावर साधा दिसतो. प्रत्यक्षात तो त्या दुचाकीवरच्या कुटुंबाचा जीव वाचवतो.

वेगाचं आणखी एक गणित आहे, ते अनुभवी ड्रायव्हरला ठाऊक असतं. चार तास १२० च्या वेगानं गाडी चालवली की ७० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. डोळा आणि पाय दोन्ही त्या मोठ्या वेगाला सरावलेले असतात. महामार्गावरून उतरल्यावरची पहिली काही किलोमीटरं म्हणूनच धोक्याची. तिथं दिवे हवेत, वेग कमी करायला लावणारे पट्टे हवेत, मोठ्या अक्षरातल्या पाट्या हव्यात आणि गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारायला जागा हवी.

सैलानीहून परतताना

१५ ऑक्टोबर २०२३ ची मध्यरात्र आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचं दर्शन घेऊन नाशिककडं निघालेल्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर वैजापूरजवळ समृद्धीवर ट्रकला मागून धडकला. १२ जणांचा जीव गेला. भरधाव रस्त्यावर तो ट्रक थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोघांना अटकही झाली. वैजापूर म्हणजे आपल्या कोपरगावचा शेजार. गाडीतली माणसं गरीब, मेहनतीची होती. वर्गणी काढून गाडी ठरवायची, रात्री निघायचं, सकाळी कामावर हजर व्हायचं, हा हिशेब आपल्या घराघरांतला आहे. त्याआधी १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले होते. ती बस नागपूरहून पुण्याला निघाली होती.

या दोन्ही घटना मुख्य महामार्गावरच्या, जोडरस्त्यावरच्या नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण त्यातून निघणारा प्रश्न तोच आहे. रात्रीचा लांबचा प्रवास, थकलेला चालक, रस्त्यातच थांबलेलं जड वाहन आणि जवळपास विसाव्याची जागा नाही. महामार्ग आणि गाव यांची गाठ जिथं पडते, तिथं ट्रकतळ, स्वच्छतागृह, चहा, नमाजपुरती जागा आणि झोपायला सुरक्षित आवार असेल तर चालक थांबतो. नसेल तर डोळे चोळत पुढं जातो. उर्साला, इज्तेमाला, लग्नाला गाडी ठरवणाऱ्या आपल्या भावांनाही एक सांगणं आहे. रात्री बारा ते पहाटे पाच प्रवास नको. आणि चालक एकच असेल तर मुळीच नको. दोन हजार रुपये वाचवायला बारा जनाजे ही फार मोठी किंमत आहे.

बाह्यवळण झालं, गिऱ्हाईक गेलं

आता रोजीरोटीचं बोलू. आपल्या समाजात शेती कमी आणि हातावरचं काम जास्त. बागवानांची फळांची गाडी, तांबोळ्यांची पानटपरी, मेकॅनिकचं गॅरेज, पंक्चरचं दुकान, बॉडी बिल्डिंग, टायर, जुने स्पेअर पार्ट, बिर्याणीचं हॉटेल, ट्रकचालक, क्लीनर. सच्चर समितीनं २००६ मध्ये हेच आकड्यांत मांडलं होतं. देशात एकूण पुरुष कामगारांपैकी रस्त्यावर विक्री करणारे आठ टक्क्यांहून कमी, तर मुस्लिम पुरुष कामगारांत हेच प्रमाण बारा टक्क्यांहून जास्त. म्हणजे रस्त्याची जागा बदलली की आपल्या घरची चूल हलते.

नगर शहराचंच उदाहरण घ्या. पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, कल्याण, बीड अशा सगळ्या दिशांचे रस्ते या शहरात येऊन मिळतात. १४९० साली मलिक अहमद निजामशहानं सीना नदीकाठी हे शहर वसवलं तेव्हापासून ते चौरस्त्याचंच शहर आहे. जुन्या वेशीचं नावच दिल्ली दरवाजा. परवापर्यंत सगळी अवजड वाहनं शहराच्या पोटातून जात होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सक्कर चौकाकडून निघणारा सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला आणि शहराबाहेरून वळसा घालणारा बाह्यवळण रस्ताही झाला. शहराचा श्वास मोकळा झाला, यात शंका नाही. शाळेच्या मुलांच्या अंगावरून जाणारे ट्रक कमी झाले. आम्हाला तो दिलासा हवाच होता.

पण ज्या चाचांचं टायरचं दुकान जुन्या रस्त्यावर होतं, त्यांच्या दारातला ट्रक आता आठ-दहा किलोमीटर लांबून जातो. ट्रक गेला, मागोमाग गिऱ्हाईक गेलं. बाह्यवळणावर जागा घ्यावी तर भाव परवडत नाही. शिवाय राष्ट्रीय महामार्गाला लागून हॉटेल किंवा पंप काढायचा तर प्रवेशाची परवानगी लागते. ज्याच्याकडं भांडवल आणि ओळख आहे, त्याचं मोठं हॉटेल तिथं उभं राहतं. ज्याच्याकडं जॅक, कॉम्प्रेसर आणि दोन हात आहेत, तो जुन्याच जागी माशा मारत बसतो किंवा महामार्गाच्या हद्दीत ताडपत्री टाकतो. आणि ताडपत्री टाकणाऱ्याच्या मागं २००२ चा महामार्ग जमीन आणि वाहतूक नियंत्रण कायदा उभा असतो. तो अतिक्रमण म्हणतो आणि उचलतो. शहरातल्या फेरीवाल्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा थोडा तरी आधार आहे. महामार्गाच्या कडेच्या माणसाला तोही नाही.

विकासाला विरोध म्हणून आम्ही हे लिहीत नाही. जोडरस्ता आखतानाच त्याच्या तोंडाशी छोट्या गाळ्यांची, गॅरेजची, फळविक्रीची रीतसर जागा ठेवली तर काय बिघडतं? राहात्याचे पेरू आणि डाळिंबं सगळ्या राज्यात नावाजलेली. समृद्धीवरून उतरणाऱ्या प्रवाशाला ती विकत घेता येतील असा दहा-वीस ओट्यांचा बाजार इंटरचेंजजवळ असेल तर शेतकऱ्यालाही भाव मिळेल आणि बागवानालाही. त्यात जात-धर्म कुठं येतो?

जोडणारा रस्ता कुठंच जोडत नाही तेव्हा

दूरच्या एका शहराची गोष्ट इथं उपयोगाची आहे. अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं शहर आहे. तिथं दोन मोठे आंतरराज्य महामार्ग शहरातून जोडायचं ठरलं. पश्चिम भागातल्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीतून खोल खंदकासारखा रस्ता खणला गेला. नऊशेहून अधिक घरं पाडली, साठच्या आसपास धंदे उठवले. शहरातल्या इतर भागांनी विरोध केला, त्यामुळं पुढचं काम थांबलं. १९७९ मध्ये तयार झाला तो सुमारे सव्वादोन किलोमीटरचा तुकडा. तो दोन महामार्गांना जोडतच नाही. लोकांनी त्याला नाव दिलं, कुठंच न जाणारा महामार्ग. घरं गेली ती गेलीच. रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेजारी मात्र कायमचे तुटले.

बाल्टिमोरचा धडा सरळ आहे. जोडरस्ता नकाशावर बोटभर दिसतो, म्हणून त्याच्यावर फार चर्चा होत नाही. तो जातो कुणाच्या वस्तीतून? ज्यांचा आवाज बारीक आहे त्यांच्या. आणि आवाज बारीक का? कागद हातात नसतात, नोटीस वाचलेली नसते, हरकतीची मुदत निघून गेलेली असते.

पुढचे रस्ते येतायत

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. सुरत-चेन्नई ग्रीनफिल्ड महामार्गासाठी संगमनेर, राहुरी, नगर, जामखेड या तालुक्यांत मोजण्या झाल्या. जमीन जाणार की राहणार, मोबदला किती, या विवंचनेत शेतकऱ्यांची काही वर्षं गेली. विहीर खणावी की नको, घराला स्लॅब टाकावा की नको, मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकावं तर घेणार कोण?

आता ३१ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक-सोलापूर-अक्कलकोट या ३७४ किलोमीटरच्या सहापदरी मार्गाला मंजुरी दिली आहे. खर्च १९,१४२ कोटी रुपये. हा मार्ग अहिल्यानगर जिल्ह्यातून जाणार आहे आणि सिन्नर तालुक्यात पांगरीजवळ समृद्धीला मिळणार आहे. पुणे ते छत्रपती संभाजीनगर हा प्रस्तावित द्रुतगती मार्गही आपल्याच जिल्ह्यातून आहे. हे सगळे बंदिस्त मार्ग. म्हणजे मनाला येईल तिथून चढता-उतरता येत नाही. ठरलेल्या ठिकाणीच इंटरचेंज. म्हणून खरा प्रश्न असा की इंटरचेंज कुठं होणार, त्याचा जोडरस्ता कुठल्या गावातून जाणार आणि दोन्ही बाजूंची गावं ये-जा कशी करणार.

हे ठरतं कसं, ते थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन १९५६ च्या कायद्यानं घेतली जाते. कलम ३ए खाली पहिली अधिसूचना निघते. ती वर्तमानपत्रात छापली जाते, त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं असतं. तिथून २१ दिवसांत हरकत घेता येते. फक्त २१ दिवस. त्यानंतर ३डी ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा. मग मोबदला ठरतो. तो पटला नाही तर लवादाकडं जाता येतं, पण जमीन परत मिळत नाही. १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनींनाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणं मोबदला लागू आहे. त्यात बाजारभावाइतकीच दिलासा रक्कम वेगळी मिळते. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. जमीन नावावर नसली, पण त्या भागात तीन वर्षांपासून राबून पोट भरत असाल आणि ते पोट संपादनामुळं मारलं जात असेल, तर भाडेकरू, कारागीर, शेतमजूर यांनाही बाधित कुटुंब म्हणून दावा करता येतो. पण तीन वर्षं सिद्ध कशी करणार? वीजबिल, ग्रामपंचायतीची पावती, दुकानाची नोंदणी, भाडेकरार. तोंडी व्यवहाराला तिथं कुणी विचारत नाही.

कब्रस्तानाचा सातबारा

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. आपल्या मशिदी, ईदगाह, दर्गे आणि कब्रस्तानं पुष्कळ ठिकाणी गावाच्या वेशीबाहेर, जुन्या रस्त्यांच्या कडेला आहेत. जोडरस्ता आणि रुंदीकरण नेमकं तिथंच येतं.

वक्फ कायद्याच्या कलम ९१ प्रमाणं, संपादनात आलेली मिळकत वक्फची आहे असं दिसलं तर वक्फ मंडळाला नोटीस द्यावी लागते आणि मोबदल्यात मंडळाची बाजू ऐकावी लागते. पण ती वक्फची आहे असं दिसणार कशावरून? कागदावरून. पुष्कळ गावांत कब्रस्तानाच्या सातबाऱ्यावर कुणा जुन्या मुजावराचं नाव आहे, कुठं नुसतं सरकार आहे, कुठं नोंदच नाही. मग नोटीस भलत्याच माणसाला जाते आणि मोबदलाही भलत्याच खात्यात. यात नेहमी सरकारचाच दोष असतो असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. पन्नास-पन्नास वर्षं आपण फेरफार करून घेतलेला नाही. विश्वस्तांच्या भांडणात कागद कपाटात पडून राहिले. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा आला, जूनमध्ये उम्मीद पोर्टल सुरू झालं, नोंदणीला सहा महिन्यांची मुदत होती. त्या कायद्यातल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम स्थगिती दिली, मुख्य प्रश्न न्यायालयात आहेत. निकाल काहीही लागो, कागद नीट असलेल्या कब्रस्तानाची बाजू मांडणं सोपं जाईल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सगळ्यांच्या जिवासाठी रस्ता रुंद होत असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तर रीतसर सल्लामसलत करून, योग्य मोबदला आणि पर्यायी जागा घेऊन भिंत मागं सरकवायला आपण तयार असलं पाहिजे. वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हाही ईमानचाच भाग, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. ती शिकवण रस्त्याच्या कडेच्या आपल्या पायरीलाही लागू आहे. मात्र नियम एकच हवा. मशिदीची पायरी काढायची असेल तर शेजारच्या बंगल्याचं कुंपण आणि पुढच्या हॉटेलचं पार्किंगही त्याच मोजपट्टीनं काढावं.

आता करायचं काय

प्रशासनाकडं आमची मागणी मोजकी आहे. नगर-मनमाड रस्त्याचं काम ठरलेल्या तारखेला पूर्ण करा आणि तोपर्यंत खड्डे, दिवे, पाट्या यांची जबाबदारी नावानिशी सांगा. २०२७ च्या नाशिक सिंहस्थात शिर्डीकडं येणारी गर्दी याच रस्त्यावर येणार आहे, हे आजच धरून चाला. नवा महामार्ग आखताना इंटरचेंज आणि जोडरस्त्याचा नकाशा गावच्या चावडीवर लावा. सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्ग आधी बांधा. आणि इंटरचेंजच्या तोंडाशी छोट्या धंद्यांना परवडणारी जागा ठेवा.

आपल्यासाठीही कामं आहेत. प्रत्येक जमातीनं येत्या जुम्म्यानंतर तासभर बसावं. गावातल्या मशीद, ईदगाह, कब्रस्तानाचे सातबारे, फेरफार आणि मोजणीचा नकाशा एका फाईलमध्ये लावावा. वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, तिथल्या नोंदीशी तो ताडून पाहावा. रस्त्याच्या कडेला धंदा करणाऱ्या भावांची यादी करावी आणि ज्यांच्याकडं दुकानाची नोंदणी नाही त्यांची करून द्यावी. एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला एकच काम सांगावं, रोज वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचायच्या आणि ३ए दिसलं की त्याच दिवशी गटात टाकायचं. हे काम एकट्या मुसलमानांचं नाही. शेजारच्या शेतकऱ्याची जमीन आणि आपलं गॅरेज एकाच गटात असतं, हरकत दोघांनी मिळून घेतली तर तिचं वजन वाढतं.

नोटीस निघाल्यावर धावपळ करायला २१ दिवस मिळतात. नोटीस अजून निघालेली नाही तिथं आपल्या हातात त्याहून जास्त दिवस आहेत. ते वाया घालवू नयेत, एवढंच आमचं सांगणं.